ओढ्याकाठचं निळं विष

हात मागे घ्या, मित्रांनो. आधी हात मागे, मग ओळख. मी बचनाग, चांगला जुना, मुरलेला. इथले किरगीझ लोक मला विषाचं शिसं म्हणतात, कारण माझा गड्डा शिशासारखा काळपट असतो आणि तो पोटात गेला की माणूसही शिशासारखा जड होऊन पडतो. नाव ठेवणाऱ्यानं माझ्यावर अन्याय केला असं मी म्हणणार नाही. मला ते नाव आवडतं.

डोंगराच्या ज्या उतारावर स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांचं रान संपतं आणि कुरण सुरू होतं, तिथे ओढ्याच्या काठावर मी उभा असतो. सकाळी सावली, दुपारी ऊन, पायाशी बारा महिने गार ओल. जागा अगदी माझ्या मापाची आहे, पण ती मला कुणी आंदण दिलेली नाही. शरदात सुकलेल्या शेंगेतून वाऱ्यानं मला झटकलं तेव्हा माझ्यासोबत कितीतरी भावंडं खाली पडली. काही ओढ्यात वाहून गेली. काहींना पाखरांनी टिपलं. उरलेली सगळी हिवाळाभर बर्फाखाली गोठून पडलो, कारण थंडीचा मार बसल्याशिवाय आमच्या बियांना जागच येत नाही. वसंतात डोळे उघडले तर वर गवताचं जाळं. गवताच्या मुळ्यांनी माझ्या शेजारच्या बहिणीचा गळा आवळला तो मी पाहिला आहे. कुरण म्हणजे शांत जागा असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर त्याला माझ्याकडे पाठवून द्या.

मी स्वतःला जुना म्हणालो, पण त्यातही एक गोम आहे. माझा गड्डा दर वर्षी मरतो. वसंतात तो अंगातलं होतं नव्हतं ते कोंबाला देतो, कुशीला एक नवा गड्डा धरतो, त्याला उन्हाळाभर पोसतो आणि शरद येईतो काळा, पोकळ होऊन कुजून जातो. पुढच्या वर्षी उगवते ती त्याची लेक. मग तीही आई होते आणि मरते. अशा कितीतरी आया खाऊन मी इथे उभा आहे. तुम्ही म्हणाल, केवढा हा निर्दयपणा. आमच्यात यालाच संसार म्हणतात, बाबांनो.

आता फुलाचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता मरणाच्याच गोष्टी करतो. उन्हाळा उतरणीला लागला की माझ्या दांड्यावर खालून वर एकेक फूल उमलतं. रंग गडद निळा, आणि वरची पाकळी शिपायाच्या टोपासारखी. मध मी त्या टोपाच्या आत, अगदी टोकाला लपवून ठेवतो. तो काढायला लांब जिभेचा, दणकट, केसाळ भुंगाच लागतो. तो नेहमी खालच्या फुलापासून सुरुवात करतो, कारण तिथे मध जास्त असतो. खालची फुलं तोवर बीज धरायच्या वयाला आलेली असतात आणि वरची अजून पराग उधळत असतात. म्हणजे भुंगा शेजाऱ्याचा पराग माझ्या खालच्या फुलांना देतो आणि जाताना माझा पराग घेऊन पुढच्या घरी जातो. व्यवहार चोख. पण काही आखूड जिभेचे चोर आहेत. ते दारातून येतच नाहीत, बाहेरून टोपाला भोक पाडतात, मध चोरतात आणि परागाचा कण न नेता पसार होतात. त्यांची कुरतडलेली भोकं माझ्या अर्ध्या फुलांवर असतात, आणि दर वर्षी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

बाकी कुणाची माझ्या वाटेला जायची छाती नाही. पोक्त मेंढी मला हुंगून तोंड फिरवते. एखादं अडाणी कोकरू पान चावतं, तोंडाला फेस येतो, पाय ताठ होतात आणि संध्याकाळी मालक त्याला ओढत नेतो. घोड्याला मारायला माझा थोडासा गड्डाही पुरतो. एक अळी तेवढी मला पुरून उरली आहे. ती माझी फुलं खाऊन गलेलठ्ठ होते आणि तिला ढेकरसुद्धा येत नाही. तिच्यापुढे मी हात टेकले आहेत.

या कुरणावर दर उन्हाळ्यात उलकान आपाचा नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तंबू लागायचा. आपा म्हणजे आई, पण तिला सगळं खोरंच आपा म्हणायचं. विधवा बाई, हाडापेरानं रुंद, आवाज असा की तिनं नुसतं खाकरलं तरी कुत्री उठून बसायची. तिच्यासोबत तिचा एकुलता मुलगा मेदेर, सून जिपार आणि पाळण्यातली नात उम्सुन. कुटुंब एवढंच, आणि मेंढ्या, घोड्या, कुत्री.

उलकान आपा मला ओळखायची. शरदात कुरण सोडण्याआधी ती एकदा मला खणायला यायची. वारा पाठीवर घ्यायची, तोंडाला फडकं आणि हातांना नमद्याचे जाड मोजे. गड्डा काढला की कुशीचा लेकगड्डा मोडून पुन्हा त्याच खड्ड्यात पुरायची आणि वर माती दाबायची. दारूत मुरवलेला माझा अर्क ती म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना बाहेरून लावायची. ज्या भांड्याला, ज्या काठीला मी लागलो, त्याला ती बकरीच्या काळ्या केसांची दोरी बांधायची. काळी दोरी दिसली की हात लावायचा नाही, हे त्या घरात रांगतं पोरही शिकायचं. आणि मी तंबूचा उंबरठा कधी ओलांडायचा नाही, हा तिचा कडक नियम होता.

या नियमामागे एक मोठा घाव होता. तिचा नवरा हयात असताना त्यानं लांडग्यांसाठी मला मांसात कालवून रानात ठेवलं होतं. लांडगा मेला. मेलेला लांडगा कोल्ह्यानं फाडला, कोल्हा मेला. कावळे उतरले, तेही पंख पसरून पडले. शेवटी घरचा म्हातारा राखणदार कुत्रा त्यातलं काहीतरी चाटून आला आणि दाराशी तडफडत राहिला. ज्यानं विष ठेवलं त्यालाच दगडानं त्याचं डोकं फोडावं लागलं. उलकान आपानं तेव्हा नवऱ्याला सगळ्यांसमोर सांगितलं होतं की यापुढे तिच्या घरातून आमिष जाणार नाही, लांडग्यानं सगळा कळप खाल्ला तरी जाणार नाही.

ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट, त्या उन्हाळ्यात एक लांडगीण माजली होती. तिला पिल्लं होती आणि ती भुकेली होती. आधी तिनं मेंढ्या फाडल्या, भुकेपेक्षा जास्त फाडल्या. मग एका पहाटे तिनं मेदेरच्या पिवळ्या घोडीला इथेच, माझ्या डोळ्यांसमोर, ओढ्याच्या चिखलात गाठलं. घोडीचे मागचे पाय रुतले होते. लांडगिणीनं मागून तिचं पोट फाडलं. आतडी पाण्यात लोंबत असताना घोडी उभीच होती आणि शिंगराला हाक मारत होती. शिंगरू आईकडे धावलं आणि त्याच्याही नरडीचा घोट घेतला गेला. ओढा दुपारपर्यंत लाल वाहत होता.

त्या घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं पेय, तिचं कुमिस, खोऱ्यात नावाजलेलं होतं. मेदेर तिच्यापाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसून त्यानं आईकडे आमिषाची गोष्ट काढली. उलकान आपा एवढंच म्हणाली, "बंदूक घे, पहारा कर, नाहीतर कुरण बदल. विषाचं नाव काढू नकोस." मेदेरनं मान खाली घातली. तो वाईट मुलगा नव्हता, मित्रांनो, पण आईशी वाद घालायची त्याला सवय नव्हती. आईपुढे हो म्हणायचं आणि तिच्यामागे स्वतःच्या मनाचं करायचं, हा त्याचा लहानपणापासूनचा रस्ता.

दोन दिवसांनी आई दूध काढत असताना तो माझ्याकडे आला. वारा कुठून वाहतोय ते पाहिलं नाही, तोंडाला फडकं नाही, हातांना मोजे नाहीत. मोजे आईच्या पेटीत होते आणि ते मागितले असते तर तिनं कशाला म्हणून विचारलं असतं. त्यानं सुरीनं मला उचकटलं. लेकगड्डा त्यानं परत पुरला नाही, तो आपसूक तुटून मातीत राहिला म्हणून मी आज बोलतोय. आईगड्डा त्यानं दगडावर ठेचला, मेंढीच्या शेपटीच्या चरबीत मळला आणि एका मेंढ्याच्या मागच्या तंगडीला चिरा पाडून तो लगदा आत कोंबला. चरबीनं चिरा लिंपून टाकल्या. तंगडी इतकी सुबक दिसायला लागली की कुणालाही भूक लागावी. ती त्यानं ओढ्यावरच्या आर्चाच्या झुडपाला, सावलीत टांगली. काळी दोरी त्यानं बांधली नाही. बांधली असती तर आईला लांबूनच दिसली असती. हात त्यानं गवताला पुसले आणि लांडगिणीची वाट शोधायला घोडं घेऊन रानात शिरला.

आणि नेमके त्याच दिवशी व्याही, इथल्या बोलीत कुदा, आले.

तेमिरकुल-आके म्हणजे जिपारचे वडील. खालच्या खोऱ्यातले, घोड्यांचे मोठे शौकीन, हसायला आणि रागवायला दोन्हीला तयार. घरी जिपारच्या पाठची चार लहान भावंडं. लेकीला आणि नातीला भेटावं म्हणून ते एकटेच, न कळवता आले होते. तंबूत आनंदाची धांदल उडाली. मेंढी कापली, कणकेचे बोर्सोक तळले, आणि तेमिरकुल-आकेंनी उम्सुनला मांडीवर घेऊन तिचं नाक आपल्यावर गेलंय की नाही यावर उलकान आपाशी मनसोक्त भांडण केलं. आपा म्हणाली की नाक व्याह्यांचंच आहे, पण पोर मोठी होईतो देव काहीतरी मार्ग काढेल. ते हसणं ओढ्यापर्यंत ऐकू आलं.

उलकान आपाच्या घराची एक रीत होती. व्याही निघताना त्यांच्या घरच्या लहानग्यांसाठी एक अख्खी तंगडी द्यायची. ती आधीच वेगळी काढून बाहेर सावलीत टांगायची आणि सुनेनं ती गुपचूप पाहुण्याच्या खोगिराच्या झोळीत बांधायची. पाहुण्याला दाखवायची नाही, आणि सासूला विचारायचंही नाही. विचारलं म्हणजे द्यायचं मनात नव्हतं असा अर्थ व्हायचा. जिपार पाणी न्यायला ओढ्यावर आली आणि तिला आर्चाला टांगलेली तंगडी दिसली. तिचा चेहरा खुलला. आपानं आपल्या माहेरासाठी एवढी सुंदर तंगडी काढून ठेवली, आणि तीही पाहुण्यांची चाहूल लागायच्या आत, याचं तिला भरून आलं. तंगडी कधी कापली, कुणी टांगली, हा प्रश्न तिच्या मनात आलाच असेल. पण सुनेनं विचारायचं नसतं. तिनं काळी दोरी आहे का तेवढं पाहिलं. नव्हती. तिनं डोक्याच्या फडक्यात तंगडी गुंडाळली आणि नेऊन वडिलांच्या झोळीत खाली, कपड्यांच्या तळाशी ठेवली.

मी तिथेच होतो, मातीत लेकगड्डा म्हणून आणि काठावर माझ्या कुळातल्या बाकी रोपांच्या रूपानं उभा. माझं विष, माझा गड्डा, चार पोरांच्या ताटाकडे निघाला होता. झाडाला पाय नसतात आणि तोंड नसतं याचा मला एवढा संताप त्याआधी कधी आला नव्हता.

दुपार कलली आणि तेमिरकुल-आके निघाले. थोड्याच वेळात मेदेर रानातून उतरला. त्याला लांडगिणीची वाट सापडली होती, म्हणून तो खुशीत शीळ घालत आला. झुडपापाशी आला आणि शीळ थांबली. जिपार तिथेच भांडी घासत होती. तंगडी कुठे म्हणून त्यानं विचारलं. जिपारनं हसून सांगितलं की आकेंच्या झोळीत बांधली, आपानं माहेरासाठीच ठेवली होती ना.

मेदेरच्या तोंडचं पाणी पळालं. त्या क्षणी त्यानं बायकोला दोन शब्द सांगितले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तंबूच्या दारात उलकान आपा उभी होती आणि इकडेच बघत होती. काही नाही, असं पुटपुटून तो घोड्यावर उडी मारून बसला आणि खालच्या वळणाकडे सुटला. त्याला एकच गोष्ट करायची होती. ती तंगडी घरी पोचायच्या आत परत घ्यायची, आणि कुणाला काही कळू द्यायचं नाही.

तेमिरकुल-आके फार लांब गेले नव्हते. माझ्यापासून खाली, जिथे ओढा पसरट होतो, तिथे ते घोड्याला पाणी पाजत होते. मी सगळं पाहिलं आणि सगळं ऐकलं.

मेदेर धापा टाकत म्हणाला, "आके, झोळीतली तंगडी परत द्या. चुकून गेलीय."

तेमिरकुल-आकेंना तंगडीचा पत्ताच नव्हता. त्यांनी झोळी चाचपली आणि त्यांना हसू फुटलं. "तंगडी दिलीय होय. आणि तू ती परत न्यायला आलास. तुझ्या आईला एवढ्यात पुन्हा भूक लागली का रे?"

मेदेरनं थाप मारली की आपा याहून चांगली तंगडी देणार आहे. आके म्हणाले की त्यांना हीच चालेल, पोरं काही हाड मोजून खात नाहीत. मेदेर पुन्हा मागायला लागला. आता आकेंचं हसू उतरलं. ते म्हणाले की व्याह्याच्या झोळीतलं मांस परत मागणारा जावई त्यांच्या सात पिढ्यांनी पाहिलेला नाही, आणि ही गोष्ट खोऱ्यात गेली तर उलकान आपाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तरी मेदेर खरं बोलला नाही. सासऱ्याला काय सांगणार, की आमच्या घरानं तुमच्या पोरांसाठी विष बांधून दिलं? त्यापेक्षा त्यानं झोळीला हात घातला.

पाहुण्याच्या झोळीला हात. तेमिरकुल-आकेंनी चाबूक उचलला आणि सरळ त्याच्या तोंडावर हाणला. वादीचा चाबूक, टोकाला गाठ. मेदेरचा गाल ओठापासून कानापर्यंत फाटला. तो खाली पडला, पण झोळी त्यानं सोडली नाही. शिवण उसवली, कपडे पाण्यात पडले आणि तंगडी त्याच्या छातीवर आली. दुसरा फटका मानेवर बसला, तिसरा हाताच्या पंजावर, आणि हाड मोडल्याचा आवाज मला इथे ऐकू आला. घोडं बिथरून मागच्या पायांवर उभं राहिलं. मेदेर तंगडी उराशी कवटाळून चिखलात लोळत होता आणि म्हातारा रडवेला होऊन मारत होता. डोळ्यांत रक्त जात होतं म्हणून मेदेरनं ते तंगडी धरलेल्या हातानं पुसलं. पुन्हा पुसलं. माझ्या विषाच्या चरबीनं माखलेला तो हात उघड्या जखमेवरून फिरताना मी पाहिला, मित्रांनो, आणि पुढे काय होणार हे तिथे फक्त मला कळलं.

तेमिरकुल-आकेंनी चाबूक खाली केला. "तंगडी ठेव तुझी," ते म्हणाले. "माझी लेक मी घेऊन जातो. असल्या घरात ती एक रात्र राहणार नाही." आणि ते घोडा वळवून तंबूकडे गेले.

मेदेर उठला आणि काठाकाठानं माझ्यापर्यंत आला. आधी त्याचे ओठ मुंग्या आल्यासारखे वळवळले. त्यानं ते चावून पाहिले. मग त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. त्याला कळलं. लहानपणी आईनं त्याला दहादा सांगितलं होतं की आधी ओठ, मग जीभ, मग बोटं, मग काळीज. ओढ्यात हात धुवायला तो वाकला आणि थांबला, कारण खाली मेंढ्या पाण्यावर होत्या. त्याऐवजी तो धड असलेल्या हातानं सुरी घेऊन माझ्या शेजारी खड्डा खणायला लागला, तंगडी पुरायला. तेवढं त्यानं पुरं केलं. माती वर ओढली, दगड ठेवला. मग तो भडाभडा ओकला आणि आडवा झाला. त्याचं काळीज सैरावैरा धावत होतं. मला ते जमिनीतून जाणवत होतं.

तंबूत तेमिरकुल-आके कडाडत होते. तंगडी हा शब्द ऐकताच उलकान आपानं विचारलं, "कुठली तंगडी? मी टांगलेली तर तंबूमागे तशीच आहे." जिपारनं झुडपाचं नाव घेतलं. म्हातारीच्या हातातला कुमिसचा वाडगा खाली पडला. तिनं पेटीतून मोजे काढले आणि ती धावत सुटली. इतक्या रुंद बाईला मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. मागून जिपार, तिच्यामागून आके.

मेदेर शुद्धीवर होता. जिपारला पाहून त्यानं तोंड उघडलं. आता त्याला सांगायचं होतं, आता तो सगळं सांगायला तयार होता, पण जीभ लाकूड झाली होती. नुसता घरघर आवाज आला. जिपार त्याच्या अंगावर झेपावली आणि बाहीनं त्याच्या गालावरचं रक्त पुसायला गेली. उलकान आपानं तिच्या हातावर असा तडाखा दिला की जिपार मागे कोसळली.

"हात लावायचा नाही त्याला," आपा म्हणाली. "तुझ्या अंगावर पोर पिते."

माझ्यावर कुणी उतारा शोधलेला नाही. आपानं मोजे घालून त्याचं डोकं मांडीवर घेतलं, कोमट दूध पाजलं, ओकवलं, छाती चोळली. जिपार दोन हात अंतरावर मातीत बसून त्याच्याकडे बघत राहिली आणि तो तिच्याकडे. दात वाजत होते, अंग बर्फासारखं गार पडत होतं, आणि डोळे मात्र अखेरपर्यंत लख्ख होते. मी असाच मारतो. सगळं बंद करतो आणि शुद्ध तेवढी चालू ठेवतो. ऊन डोंगरावर असतानाच तो गेला.

तेमिरकुल-आकेंच्या हातात अजून चाबूक होता. ते म्हणाले की त्यांना ठाऊक नव्हतं. पुन्हा पुन्हा तेच म्हणाले. उलकान आपानं मुलाचे डोळे मिटले आणि मान वर न करता बोलली, "चाबूक तुमचा, कुदा. विष माझ्या घरचं. वाटून घेऊ." मग जिपार म्हणाली की आपण विचारायला हवं होतं. आणि त्या कडक म्हातारीचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मी विचारू दिलं असतं का तुला? त्याला तरी मी कधी बोलू दिलं?"

माती झाल्यावर जिपार कुदळ घेऊन माझ्याकडे आली. हातांना मोजे होते. तिनं या काठावरचं माझं सगळं कूळ उपटलं, ठेचलं आणि पेटवलं. प्रत्येक घावाला ती काहीतरी ओरडत होती, त्यातले निम्मे शब्द मला होते आणि निम्मे मेदेरला. तिला कुणी अडवलं नाही, आणि मीही तिला दोष देत नाही. मातीत तुटून राहिलेला तो एवढासा लेकगड्डा तेवढा तिच्या कुदळीखाली आला नाही. लांडगिणीचं म्हणाल, तर ती त्या वर्षी मेली नाही. तिला पोसायला पिल्लं होती आणि आमिष जमिनीखाली होतं.

मी पुन्हा वाढलो. आधी नुसती पानं, मग एक दांडा, आणि चौथ्या उन्हाळ्यात निळा तुरा. जिपार माहेरी गेली नव्हती. सासूपाशीच राहिली होती, आणि आता त्या तंबूत बोलण्याचा आवाज बराच वाढला होता. एका सकाळी ती पाणी भरायला आली आणि तिच्या मागे उम्सुन, गालांवर वाऱ्याच्या चिरा, पायांत आजीनं शिवलेले जोडे. पोरगीनं मला पाहिलं आणि थेट हात पुढे केला.

जिपारनं तिचं मनगट पकडलं. मला वाटलं, आता पुन्हा कुदळ. पण तिनं बादली खाली ठेवली आणि मुलीला घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"हे विष आहे," ती म्हणाली. "यानं तुझा बाप मेला. नीट बघ. पान कसं फाटलंय ते बघ, टोप बघ."

उम्सुननं नीट पाहिलं. मग विचारलं, "मग तू याला उपटत का नाहीस?"

"एकदा उपटलं होतं. पण डोंगरभर आहे ते. इथलं उपटलं तर दुसऱ्या कुठल्या ओढ्यावर तू ते ओळखणार नाहीस."

"बाबानं खाल्लं?"

जिपारनं मान हलवली. "नाही. त्यानं लपवलं. आणि मी विचारलं नाही." मग तिनं मुलीची हनुवटी वर केली. "तू विचारायचंस. आजी रागावली तरी विचारायचंस, मी मारलं तरी विचारायचंस. कळलं?"

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी कधी म्हणणार नाही. मला पाणी नको, कुंपण नको, कौतुक नको. मला ओळखा आणि माझ्यापासून लांब राहा, एवढं पुरे. माझ्या रानातून सगळं निळं उपटून टाकू नका, त्यावर माझ्या भुंग्यांची पोटं आहेत. विष बनवणं हे माझं काम आहे आणि ते मी मरेपर्यंत चोख करीन. ते विष आहे हे एकमेकांना सांगणं हे तुमचं काम. मला तोंड नाही. त्या दिवशी या काठावर तोंड नसलेला मी एकटाच होतो, बाकी सगळ्यांना तोंडं होती, आणि तरी एक तरणाताठा माणूस माझ्या पायाशी मेला.

उम्सुननं पुढचा प्रश्न विचारला. मग त्याच्या पुढचा. जिपार बादली उचलून तंबूकडे निघाली तरी पोरगी विचारतच होती, आणि जिपार एकेका प्रश्नाला थांबून उत्तर देत होती, म्हणून त्यांना घरी पोचायला खूप वेळ लागला.